शिक्षक ब्रूस लीच्या शोधात: सिअ‍ॅटलचे विंग ल्यूक संग्रहालय आणि ताय तुंगमधले जेवण

ब्रूस लीला आपण सारे पडद्यावरचा नायक म्हणून ओळखतो. सिअ‍ॅटलच्या चायनाटाउनमधले विंग ल्यूक संग्रहालय त्याची ओळख शिक्षक म्हणून करून देते, आणि माझ्या मते या माणसाला समजून घेण्याची सुरुवात तिथूनच करायला हवी. हे संग्रहालय, त्याच रस्त्यावरचे ताय तुंग हे जुने चिनी उपाहारगृह आणि कॅपिटल हिलवरची लेक व्ह्यू दफनभूमी असा सावकाश केला तर एका दिवसाचा कार्यक्रम होतो. रेडमंड आणि बेलव्ह्यू भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांबरोबर स्पेस नीडल आणि पाइक प्लेस मार्केट पालथे घातलेले असते. मात्र शहराच्या या भागाकडे त्यांची पावले सहसा वळत नाहीत. म्हणून हा परिचय थोडा सविस्तर लिहीत आहे.

संग्रहालयाची इमारत हीच तिथली पहिली पाहण्यासारखी गोष्ट आहे. १९१० साली १७० चिनी स्थलांतरितांनी आपापली शिल्लक एकत्र करून साउथ किंग स्ट्रीटवर ईस्ट काँग यिक ही विटांची इमारत उभी केली. त्या काळी चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास मनाई करणारा १८८२ चा कायदा लागू होता, बाहेरून आलेल्या चिनी माणसाला नागरिकत्व मिळण्याची सोय नव्हती, आणि खुद्द सिअ‍ॅटलमध्ये १८८६ च्या फेब्रुवारीत जमावाने चिनी लोकांना घराबाहेर काढून बोटीवर चढवण्यासाठी बंदराकडे हाकलत नेले होते. अशा शहरात स्वतःच्या मालकीची इमारत बांधणे हे केवढे धाडस होते, ते आत शिरल्यावर कळते. तळाशी दुकाने आणि वर अलास्कातल्या मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत हंगामापुरते जाणाऱ्या चिनी, जपानी आणि फिलिपिनो मजुरांच्या खोल्या, अशी तिची रचना होती. मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीत फ्रीमन हॉटेल नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खोल्या उघडून दाखवतात. एक खाट मांडली की उरलेल्या जागेत एक माणूस जेमतेम उभा राहील, एवढीच त्यांची ऐसपैसता. यिक फुंग नावाचे आयात मालाचे दुकानही आतच जतन केलेले आहे. त्याची लाकडी फडताळे आणि मालाचे डबे पाहताना दुकानदार नुकताच जेवायला उठून गेला असावा असे वाटते.

संग्रहालयाला ज्यांचे नाव दिले आहे ते विंग ल्यूक १९६२ मध्ये सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेवर निवडून आले. अमेरिकेच्या वायव्य भागात निवडणूक जिंकणारे ते पहिले आशियाई वंशाचे लोकप्रतिनिधी. १९६५ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला, १९६७ मध्ये त्यांच्या नावाने संग्रहालय सुरू झाले आणि २००८ मध्ये ते सध्याच्या जागेत आले. प्रथमच जाणाऱ्यांनी ब्रूस लीच्या दालनाकडे थेट न धावता आधी ही इमारत नीट पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्यांकडून मार आणि अपमान मिळाला, त्या समाजाने आपली युद्धकला बाहेरच्यांपासून राखून ठेवली यात नवल नव्हते. ब्रूसने काय केले त्याचे मोल या पार्श्वभूमीवरच लक्षात येते.

त्याच्या आयुष्याचा पूर्वार्ध बहुतेकांना ठाऊक असतो, तरी धागा लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. वडील ली होइ-च्युएन हे कँटनी संगीत नाटकातले नामांकित विनोदी नट. नाटक मंडळीच्या अमेरिका दौऱ्यात २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या रुग्णालयात ब्रूसचा जन्म झाला आणि त्यामुळे अमेरिकेचे नागरिकत्व त्याला जन्मानेच मिळाले. वाढला मात्र हाँगकाँगमध्ये. बालकलाकार म्हणून चित्रपटांत झळकला, किशोरवयात इप मान यांच्याकडे विंग चुन ही चिनी युद्धकला शिकला, १९५८ साली चा-चा नृत्याच्या स्पर्धेत अजिंक्यपद मिळवले आणि रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत इतका गुंतला, की घरच्यांनी एप्रिल १९५९ मध्ये शंभर डॉलर हाती देऊन त्याला बोटीने अमेरिकेला धाडले. वाटेत बोटीवर तो वरच्या वर्गाच्या प्रवाशांना नृत्य शिकवत होता. पुढे आयुष्यभर शिकवण्यावर पोट भरण्याची वेळ त्याच्यावर पुन्हा पुन्हा आली. तिची ही सुरुवात.

सिअ‍ॅटलमध्ये तो रूबी चाऊ यांच्या उपाहारगृहात राहिला. चायनाटाउनच्या बाहेर, फर्स्ट हिलवर ब्रॉडवे आणि जेफरसन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ते होते. रूबी यांचे पती पिंग चाऊ हे ब्रूसच्या वडिलांच्याच नाट्यक्षेत्रातले, त्यामुळे घरोब्याचा पाहुणा म्हणून आपली बडदास्त राखली जाईल असे मुलाला वाटले असावे. रूबीबाईंनी त्याला वेटरच्या कामाला लावले आणि राहायला एक चिमुकली खोली दिली. दोघांचे फारसे पटले नाही. मात्र पुढे १९७३ मध्ये किंग काउंटीच्या परिषदेवर निवडून आलेल्या आणि आपल्या समाजासाठी ताठ कण्याने भांडलेल्या रूबी चाऊ यांच्याबद्दल संग्रहालयात वाचताना मला त्यांची बाजूही पटली. कष्टाने उभ्या केलेल्या धंद्यात एका लाडावलेल्या नटपुत्राला त्यांनी फुकट बसवून ठेवावे अशी अपेक्षा कशी करावी? त्या कामाच्या जोडीला ब्रूसने एडिसन टेक्निकल स्कूलमधून शालेय शिक्षण पुरे केले आणि मार्च १९६१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. त्याच्या नावापुढे तत्त्वज्ञानाची पदवी लावण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात नाट्यशास्त्र हा त्याचा मुख्य विषय होता, तत्त्वज्ञान तो आवडीने शिकला आणि पदवी न घेताच १९६४ मध्ये बाहेर पडला.

आता शिष्यांविषयी, कारण या साऱ्या भेटीचा गाभा तोच आहे. त्याचा पहिला विद्यार्थी जेसी ग्लोव्हर हे कृष्णवर्णीय तरुण होते. लहानपणी एका पोलिसाने केलेल्या बेदम मारहाणीनंतर स्वसंरक्षणाची विद्या मिळवण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता आणि ज्युदोत चांगली प्रगतीही केली होती. ब्रूसचे प्रात्यक्षिक पाहिल्यावर आपण दोघे एकाच शिक्षणसंस्थेत जातो हे त्यांना कळले, आणि त्यांनी सरळ त्याला गाठून शिकवण्याची विनंती केली. ब्रूस त्यांच्याहून वयाने लहान होता. ग्लोव्हर यांच्यामागून एड हार्ट, स्किप एल्सवर्थ, जेम्स डेमाइल, लेरॉय गार्सिया असे एकेक जण येत गेले आणि गाडीतळ, उद्याने, मिळेल त्या मोकळ्या जागा यांत सराव चालू झाला. कृष्णवर्णीय, गोरे, जपानी, चिनी, लॅटिनो अशी सरमिसळ असलेला हा घोळका १९६० च्या अमेरिकेत एकत्र घाम गाळत होता, तेव्हा देशातल्या अनेक राज्यांत वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांनी लग्न करणे हाच गुन्हा होता.

या सगळ्यांत माझे मन सर्वांत अधिक रेंगाळले ते ताकी किमुरा यांच्यापाशी. किमुरा जपानी वंशाचे, १९२४ साली जन्मलेले अमेरिकन नागरिक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडले, त्यांत त्यांच्या कुटुंबालाही कॅलिफोर्नियातल्या ट्यूल लेकच्या छावणीत जावे लागले. सुटकेनंतर त्यांना कामधंदा मिळवताना नाकारले जाण्याचा अनुभव येत राहिला आणि स्वतःबद्दलचा विश्वास पार ढासळला, हे त्यांनी पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितले आहे. फर्स्ट हिलवर किराणा दुकान चालवणारा पस्तिशीतला हा खचलेला माणूस विशीही न ओलांडलेल्या पोरासमोर शिकायला उभा राहिला. ब्रूसने त्यांना ठोसा मारायला शिकवलेच, पण ताठ चालायला, नीटनेटके कपडे घालायला आणि कोणापुढेही नजर न झुकवता बोलायलाही शिकवले. किमुरा त्याचे साहाय्यक शिक्षक झाले, १७ ऑगस्ट १९६४ रोजी लिंडा एमरीशी झालेल्या त्याच्या लग्नात पाठराखे म्हणून उभे राहिले, १९७३ मध्ये त्याच्या शवपेटीला खांदा दिला आणि त्यानंतर कित्येक दशके आपल्या दुकानाच्या तळघरात मोजक्या विद्यार्थ्यांना पैसे न घेता शिकवत राहिले. जानेवारी २०२१ मध्ये ९६ व्या वर्षी ते वारले. एखाद्या वस्तादाची योग्यता त्याच्या पठ्ठ्यांवरून ठरवायची असेल, तर ब्रूस लीच्या बाजूने द्यायला किमुरा यांच्याएवढा भक्कम पुरावा मला दुसरा दिसत नाही.

संग्रहालयाने २०२२ पासून मांडलेल्या प्रदर्शनाचा रोख याच अंगावर, म्हणजे ब्रूसच्या शिकवणुकीवर आहे. त्याच्या संग्रहात दोन हजारांहून अधिक पुस्तके होती. त्यांतल्या निवडक पुस्तकांसमोर मी बराच वेळ उभा होतो. मुष्टियुद्ध, तलवारबाजी, शरीरशास्त्र, झेन, ताओ विचार, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान असे विषय शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. ओळींखाली रेघा ओढून, समासात नोंदी करून वाचणारा हा वाचक होता. त्याच्या हस्ताक्षरातले कागद पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते: अक्षर बारीक, सुबक, आणि आकृत्या काढण्याचा हात एखाद्या चित्रकाराचा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पवित्र्याची रेखाटने करताना वजन कोणत्या पायावर आहे हे दाखवायला तो विसरत नाही. शिकवण्यासाठी आधी स्वतःशी स्पष्ट होण्याची धडपड त्या कागदांवर उमटलेली आहे, आणि ती पाहायला मिळणे हेच मला या दालनाचे सर्वांत मोठे देणे वाटते.

तो नेमके काय शिकवत असे, हेही थोडे सांगायला हवे, म्हणजे तिथली चित्रे पाहणाऱ्याला परकी वाटणार नाहीत. विंग चुनमध्ये शरीराच्या मधोमध एक उभी रेषा कल्पितात. स्वतःची ती रेषा झाकायची आणि समोरच्याच्या रेषेवर सर्वांत जवळच्या वाटेने हल्ला करायचा. म्हणून ठोसा कमरेपासून फिरवून न आणता छातीसमोरून सरळ जातो, आणि एकामागून एक असे ठोसे साखळीने पडत राहतात. ची साओ नावाच्या सरावात दोघे जण मनगटे एकमेकांच्या मनगटांना टेकवून सतत फिरवत राहतात आणि समोरच्याचा जोर कुठे वाढला, कुठे सुटला हे डोळ्यांऐवजी त्वचेने ओळखतात. कुस्तीतली खडाखडी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना यातले मर्म लगेच उमगेल. ब्रूस हा सराव डोळे बांधूनही करत असे. गंमत अशी, की विंग चुनचा संपूर्ण अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच त्याला हाँगकाँग सोडावे लागले होते. जे अपुरे होते ते भरून काढण्यासाठी त्याने शिष्यांकडूनच ज्युदो आणि मुष्टियुद्धाचे बारकावे समजून घेतले. ही मोकळी वृत्ती त्याच्या पुढच्या सगळ्या विचाराच्या मुळाशी आहे, आणि ती सिअ‍ॅटलच्या त्या मिश्र घोळक्यामुळे आली असे मी मानतो.

सप्टेंबर १९६२ मध्ये त्याने हाँगकाँगमधल्या एका कौटुंबिक मैत्रिणीला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. साऱ्या अमेरिकेत पसरेल अशी कुंग फूची संस्था काढण्याचा मनोदय त्यात आहे आणि त्यासाठी त्याने दहा ते पंधरा वर्षांची मुदत स्वतःला घालून घेतली आहे. १९६३ मध्ये विद्यापीठाजवळ ४७५० युनिव्हर्सिटी वे या पत्त्यावर त्याची जून फान कुंग फू संस्था उभी राहिली; मोठ्यांसाठी महिना बावीस डॉलर आणि लहानांसाठी सतरा डॉलर शुल्क होते. त्याच वर्षी त्याने एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यातल्या छायाचित्रांसाठी त्याच्याबरोबर हेच सिअ‍ॅटलचे विद्यार्थी उभे राहिले. दुसऱ्या वर्षी तो जेम्स यिम ली यांच्या साथीने ओकलंडला गेला, सिअ‍ॅटलची शाळा किमुरांवर सोपवून. २ ऑगस्ट १९६४ रोजी लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्याने दोन बोटांवरचे जोर आणि एका इंचावरून मारलेला ठोसा दाखवला, तिथून दूरचित्रवाणीच्या निर्मात्यांपर्यंत त्याचे नाव पोहोचले, आणि पुढे ‘द ग्रीन हॉर्नेट’ या दूरचित्रवाणी मालिकेतली काटोची भूमिका व लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमधली तिसरी शाळा आली. तिथे डॅन इनोसांतो त्याचे साहाय्यक होते.

ओकलंडमध्ये वाँग जॅक मॅन यांच्याशी झालेल्या बंद दाराआडच्या लढतीची कथा चाहत्यांच्या तोंडी नेहमी असते. चिनी नसलेल्यांना शिकवणे थांबवावे यासाठी ते आव्हान होते, असे लिंडा ली यांनी लिहिले. वाँग यांनी ते कारण कायम नाकारले. याच अनुषंगाने एक खुलासा करावासा वाटतो. बाहेरच्यांना चिनी युद्धकला शिकवणारा ब्रूस हा पहिलाच, असे सर्रास म्हटले जाते, पण ते खरे नाही. हवाईत आणि लॉस एंजेलिसमध्ये आर्क वाँग यांच्यासारख्या ज्येष्ठ शिक्षकांनी त्याच काळात आपली दारे उघडली होती. पहिलेपणाचा मुकुट काढून ठेवला तरी ब्रूसचे काम उणे होत नाही. समोर कोण उभा आहे, त्याचे वय काय, भीती कोणती, शरीर कसे, हे पाहून त्याला हवे ते शिकवणे हे त्याचे वैशिष्ट्य होते, आणि ते आधी आले की नंतर याने काही बिघडत नाही.

काटोच्या लोकप्रियतेवर देशभर शाळांची साखळी काढण्याचा प्रस्ताव त्याच्यापुढे आला होता. पत्रात लिहिलेले स्वप्न आयते चालून आले असताना त्याने नकार दिला, आणि जानेवारी १९७० मध्ये आहेत त्या शाळाही बंद केल्या. शाळा वाढली की शिकवण साच्यात बसते, आणि साचा आला की विद्यार्थी घडण्याऐवजी नक्कल करू लागतो, हे त्याचे म्हणणे होते. जीत कुन दो हे नाव त्याने १९६७ मध्ये आपल्या पद्धतीला दिले खरे, पण त्या नावाचाही पंथ होऊ नये अशी काळजी त्याला वाटत राहिली. त्याच वर्षी, म्हणजे १९७० मध्ये, वजन उचलताना त्याच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि काही महिने त्याला अंथरुणाला खिळून राहावे लागले. त्या काळात त्याने जे. कृष्णमूर्तींचे विचार झपाटून वाचले. सत्याकडे जाणारी आखीव वाट नाही, हे कृष्णमूर्तींनी १९२९ मध्ये आपली संघटना विसर्जित करताना मांडलेले म्हणणे आणि आपल्याच शाळांना टाळे लावणारा ब्रूस यांच्यातले साम्य मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येईल. भारताशी त्याचा आणखी एक धागा आहे. गामा पहिलवानाच्या मेहनतीविषयी वाचून त्याने दंड आणि बैठका आपल्या व्यायामात घेतल्या होत्या. आपल्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या मारले जाणारे दंड हा माणूस अमेरिकेत मारत होता, हे वाचून सोबतच्या आजोबांची कळी खुलल्याशिवाय राहत नाही.

संग्रहालयात जाताना अपेक्षा योग्य ठेवावी. चित्रपटांतले पिवळे कपडे, नानचाकू, भित्तिपत्रके यांच्या ओढीने येणाऱ्याला इथे वाचन जास्त आणि झगमगाट कमी वाटू शकेल. अगदी लहान मुलांना ते कंटाळवाणे होईल; दहा-बारा वर्षांपुढची, त्यातही कराटे किंवा तायक्वांदो शिकणारी मुले मात्र रमतात. मांडणीत वेळोवेळी बदल होत असतात, त्यामुळे एखादी विशिष्ट वस्तू पाहायचीच असेल तर निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

लेक व्ह्यू दफनभूमी गावाच्या दुसऱ्या अंगाला, व्हॉलंटियर पार्कला लागून आहे. २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये ३२ व्या वर्षी ब्रूस गेला. लिंडाने त्याला सिअ‍ॅटलला आणले, कारण त्याचे सर्वांत सुखाचे दिवस याच गावात गेले अशी तिची भावना होती. शेजारी मुलगा ब्रँडनची समाधी आहे, १९९३ ची. किमुरा वर्षानुवर्षे स्वतः जाऊन या जागेची निगा राखत असत. लोक फुले, नाणी, संत्री ठेवून जातात. गाडीने गेलात तर तिथे फार वेळ लागत नाही.

आता जेवणाकडे. ताय तुंग हे संग्रहालयापासून चालत दोन-तीन मिनिटांवर, साउथ किंग स्ट्रीटवरच आहे. १९३५ साली सुरू झालेले आणि आजही त्याच कुटुंबाच्या हाती असलेले हे सिअ‍ॅटलमधले सर्वांत जुने चालू चिनी उपाहारगृह. ब्रूस इथे नेहमी येत असे. ऑयस्टर सॉसमधले गोमांस आणि लसणातली कोळंबी हे त्याच्या आवडीचे पदार्थ म्हणून सांगितले जातात, आणि तो बसायचा ती मागची बाजू त्याच्या चित्रांनी सजवलेली आहे. दिवसभर दुसऱ्याच्या उपाहारगृहात ताटे वाहणाऱ्या मुलाला इथे गिऱ्हाईक म्हणून ऐटीत बसायला किती बरे वाटत असेल, हा विचार त्या कोपऱ्यात बसल्यावर मनात आलाच. समोरच्या बाजूला जुन्या पद्धतीचा लांब ओटा आणि त्याला लागून उंच स्टुले आहेत. एकटे असाल तर तिथेच बसावे, वाढपी मंडळींशी दोन शब्द बोलता येतात.

आम्ही गोमांस खात नसल्याने लसणातली कोळंबी, एग फू यंग आणि साधा भात मागवला. कोळंबी आचेवरून अगदी वेळेवर उतरवलेली होती, चावताना तिचा कुरकुरीत ताठरपणा जाणवत होता. लसूण भरपूर, पण जळू न दिलेला, त्यामुळे रस्सा भातावर घेतला तरी तोंडाला कडवटपणा येत नाही. कोकणी जिभेला तिखट कमी वाटेल, तेव्हा मिरचीचे तेल बाजूला मागून घ्यावे. एग फू यंग म्हणजे मोडाची कडधान्ये आणि भाज्या घालून तळलेले जाड ऑम्लेट, वरून दाट तपकिरी रस. हा चीनमधल्या घरांतला पदार्थ नव्हे. कँटन प्रांतातून आलेल्या स्वयंपाक्यांनी अमेरिकन गिऱ्हाइकाच्या चवीशी जुळवून घेत जी पाककला घडवली, तिचा तो नमुना आहे. सिचुआनच्या झणझणीत जेवणाची सवय असलेल्यांना ते सौम्य आणि जुन्या वळणाचे वाटेल. मला मात्र त्या जुन्या वळणाचेच अगत्य वाटते, कारण १९६० साली एका घरापासून तुटलेल्या मुलाच्या ताटात जे पडत असेल त्याच्या जवळपासचे काही खायला मिळावे हीच तर इथे येण्यामागची इच्छा असते. एकेका पदार्थाचे प्रमाण चांगलेच मोठे असते. चौघांत तीन पदार्थ आणि भात पुरतो.

शाकाहारी मंडळींनी थोडी काळजी घ्यावी. अशा स्वयंपाकघरांत भाज्यांच्या पदार्थांतही ऑयस्टर सॉस किंवा कोंबडीचे पाणी घातलेले असण्याची शक्यता असते, म्हणून टोफू किंवा भाज्या मागवताना ‘मासळी-मटणाचा कोणताही सॉस नको’ असे स्पष्ट सांगावे. लाइट रेलचे चायनाटाउन स्थानक तिथून चालत जाण्याजोगे आहे, तेव्हा गाडी उभी करण्याची कटकट टाळता येते. क्रम मात्र असा ठेवावा: सकाळी इमारतीची मार्गदर्शकासह फेरी, तिला लागून ब्रूस लीचे दालन, दुपारी ताय तुंग, आणि पाऊस नसेल तर शेवटी लेक व्ह्यू. फेरीच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे तिकीट आधी काढून ठेवावे आणि वडीलधारी सोबत असतील तर जिन्यांविषयी तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.